सेलेनियम : मातीपासून केसांपर्यंतचा दोनशे वर्षांचा इतिहास



डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. आधी डोक्याला खाज, मग केस हातात यायला सुरुवात, आणि तीन-चार दिवसांत टक्कल. लहान मुलांपासून सत्तरी ओलांडलेल्या आजोबांपर्यंत कुणीही यातून सुटले नाही. थोड्याच दिवसांत आकडा १८ गावांतल्या २७९ जणांवर गेला. 'टक्कल व्हायरस' हे नाव कुणी पाडले कोण जाणे, पण मोबाइलवरून ते राज्यभर पोचले. आधी पाण्यातल्या नायट्रेटकडे बोट दाखवले गेले, मग बुरशीकडे. फेब्रुवारीत एक नवे नाव पुढे आले : सेलेनियम.

त्यानंतर पेशंट मला दोन प्रकारचे प्रश्न विचारू लागले. एक, "डॉक्टर, माझ्या मल्टिव्हिटॅमिनच्या गोळीत सेलेनियम आहे, ती बंद करू का?" आणि दुसरा याच्या अगदी उलट, "केस गळतात म्हणून जी गोळी घेतोय तिच्यावरच सेलेनियम लिहिलंय. मग हे केस वाढवतं की घालवतं?"

दुसरा प्रश्न फार चांगला आहे. सेलेनियम कमी पडले तर माणूस आजारी पडतो आणि जास्त झाले तरीही पडतो, हे आपण मिठाबद्दल किंवा साखरेबद्दलही म्हणू शकतो. पण सेलेनियमच्या बाबतीत या दोन टोकांमधली जागा फार अरुंद आहे, आणि आपण त्या जागेत आहोत की नाही हे बऱ्याचदा आपल्या हातात नसते. ते ठरते ज्या शेतात आपले धान्य पिकले त्या शेताच्या मातीवर. हे समजायला शास्त्रज्ञांना दीडशे वर्षे लागली. म्हणून आज औषधापेक्षा इतिहासाबद्दल जास्त बोलू.

चंद्राच्या नावाचे मूलद्रव्य

१८१७ साली स्वीडनमध्ये याकोब बर्झेलियस हे त्या काळचे नामांकित रसायनशास्त्रज्ञ गंधकाम्लाच्या एका कारखान्यात भागीदार होते. कारखान्यात फालूनच्या खाणीतले गंधकयुक्त खनिज जाळले जाई. तेव्हा तळाशी लालसर गाळ साचे. बर्झेलियस आणि त्यांचे सहकारी गान यांनी तो गाळ तापवला तर मुळ्यासारखा उग्र वास सुटला. तसा वास टेल्युरियम या मूलद्रव्याचा असतो असे तेव्हा मानत, म्हणून त्यांना आधी टेल्युरियमच वाटले. पुढे बारकाईने तपासल्यावर कळले की हे नवेच काहीतरी आहे. टेल्युरियमचे नाव पृथ्वीवरून पडले होते, म्हणून त्याच्या या भावंडाला ग्रीक चंद्रदेवता सेलेनेचे नाव मिळाले.

रसायनशास्त्राच्या दृष्टीने सेलेनियम गंधकाचे जवळचे नातेवाईक आहे. आवर्त सारणीत ते गंधकाच्या बरोबर खालच्या घरात बसते. हे नाते लक्षात ठेवा, कारण पुढची जवळपास सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते. पुढची शंभर वर्षे मात्र वैद्यकाला या मूलद्रव्यात काही रस नव्हता.

खूर गळणारे घोडे

अमेरिकेत मिसूरी नदीकाठी, आजच्या साउथ डकोटा राज्यात, फोर्ट रँडल नावाची लष्करी छावणी होती. १८५६-५७ च्या सुमारास तिथले लष्करी डॉक्टर मॅडिसन यांनी घोड्यांच्या एका आजाराची नोंद केली. आयाळीचे आणि शेपटीचे केस गळायचे, मग खूर सुजून तडकायचे आणि शेवटी गळून पडायचे. उभेच राहता येत नसल्याने घोडा चाऱ्यापर्यंत पोचत नसे आणि उपासमारीने मरे. पुढे त्या माळरानावर शेतकरी वसले तेव्हा त्यांच्या गाईबैलांचे आणि डुकरांचेही तेच झाले. लोकांना वाटले, इथल्या खारट पाण्याचा हा दोष. म्हणून त्यांनी त्याला 'अल्कली रोग' म्हणजे क्षाराचा रोग असे नाव दिले. नाव चुकीचे निघाले, पण टिकून राहिले.

(मार्को पोलोने तेराव्या शतकात चीनच्या प्रवासात जनावरांचे खूर गळवणाऱ्या वनस्पतीचा उल्लेख केला आहे. काही जण त्याला सेलेनियमच्या विषबाधेची पहिली नोंद म्हणतात. गोष्ट रंगतदार आहे, पण मला हा दावा ओढूनताणून केलेला वाटतो. खूर गळवणारी विषे जगात आणखीही आहेत.)

खरे कारण सापडले १९३० च्या दशकात. साउथ डकोटाच्या कृषी संशोधन केंद्रातले कर्ट फ्रँके यांनी त्या भागातला गहू आणि मका उंदरांना खाऊ घातला. उंदरांची वाढ खुंटली आणि ते मेले. म्हणजे विष पाण्यात नव्हते, धान्यात होते. १९३३ च्या सुमारास त्या धान्यात आणि त्याखालच्या मातीत सेलेनियम सापडले. रानातल्या काही वनस्पती तर ते इतके शोषून घेतात की वाळलेल्या पाल्याच्या एका किलोत काही ग्रॅम सेलेनियम भरते.

आता त्या गंधकाच्या नात्याकडे येऊ. झाडाला वाढीसाठी गंधक लागते. ते मातीतून घेताना मुळे सेलेनियमलाही आत घेतात, कारण दोघांची शकले सारखी. गव्हाला स्वतःला सेलेनियमची गरज नसते. जमिनीत असेल तर ते दाण्यात उतरते, नसेल तर उतरत नाही, आणि पीक दोन्हीकडे चांगलेच दिसू शकते. प्राण्यांच्या शरीरातही हीच गल्लत होते. केस, नखे आणि खूर केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे असतात, आणि या प्रथिनाची मजबुती गंधकाच्या टाक्यांवर असते. त्या टाक्यांमध्ये सेलेनियम घुसले की शिवण उसवते, असे मानले जाते. म्हणून डकोटाच्या घोड्यांचे खूर आणि माणसांची नखे व केस एकाच विषाला बळी पडतात.

१९४३ मध्ये आणखी भर पडली. सेलेनियमयुक्त आहार दिलेल्या उंदरांच्या यकृतात गाठी आढळल्याचा अहवाल आला, आणि सेलेनियमवर कर्करोगकारक असा शिक्का बसला. विष तर ते होतेच.

एका विषाची बढती

याच काळात क्लाउस श्वार्ट्झ हे जर्मन संशोधक अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत आले होते. त्यांचा विषय अगदी वेगळा होता. प्रथिनांसाठी टोरुला नावाचे यीस्ट दिलेल्या उंदरांचे यकृत सडून ते मरत. पण तेवढेच बिअर बनवायचे अमेरिकन यीस्ट दिले तर ठणठणीत राहत. म्हणजे त्या दुसऱ्या यीस्टमध्ये यकृताचे रक्षण करणारे काहीतरी होते. सिस्टिन आणि ई जीवनसत्त्व हे दोन रक्षक आधीच माहीत होते, म्हणून या अनोळखी तिसऱ्याला श्वार्ट्झ यांनी 'घटक ३' म्हटले. त्याला शुद्ध स्वरूपात पकडण्यासाठी त्यांनी अनेक वर्षे खर्च केली. असे सांगतात, की एकदा त्या अर्काला लसणासारखा वास येतोय हे एका सहकाऱ्याच्या लक्षात आले, आणि हा वास सेलेनियमचा तर नाही ना, अशी शंका निघाली. १९५७ मध्ये श्वार्ट्झ आणि फोल्ट्झ यांनी जाहीर केले : घटक ३ मधला कार्यकारी भाग सेलेनियम आहे.

त्या काळातल्या वैज्ञानिकांना काय वाटले असेल याची कल्पना करा. ज्याला पंचवीस वर्षे विष म्हटले, चौदा वर्षे कर्करोगाचे कारण म्हटले, तेच आता जगण्यासाठी आवश्यक निघाले. शेतीवाल्यांनी हे लवकर उचलले, कारण मेंढ्यांच्या कोकरांमध्ये स्नायू पांढरे पडण्याचा आजार सेलेनियमने टळतो हे वर्षभरातच दिसले. पण अमेरिकेत कर्करोगकारक पदार्थ खाद्यात मिसळायला कायद्याने बंदी होती आणि १९४३ चा तो शिक्का पुसायला वेळ लागला. कोंबड्यांच्या आणि डुकरांच्या खाद्यात सेलेनियम घालायची परवानगी मिळाली ती १९७४ मध्ये.

जनावरांना लागते हे ठरले. पण माणसाला? त्याचे उत्तर चीनमधून आले.

केशान आणि एन्शी

चीनच्या ईशान्येला हैलोंगजियांग प्रांतात केशान नावाचा तालुका आहे. १९३५ च्या हिवाळ्यात तिथे एका आजाराने कहर केला. उलट्या, छातीत घालमेल, धाप, हातपाय गार पडणे आणि अनेकदा एक-दोन दिवसांत मृत्यू. हृदयाचा स्नायू जागोजागी मेलेला आणि हृदय फुगलेले असे. बळी पडत ती प्रामुख्याने शेतकरी कुटुंबातली लहान मुले आणि मूल होण्याच्या वयातल्या बायका. शहरातले लोक आणि बाहेरून धान्य आणून खाणारे बहुधा सुटत. पुढे नकाशावर टिंबे मांडल्यावर दिसले की हा आजार चीनच्या ईशान्येपासून नैर्ऋत्येपर्यंत एका तिरक्या पट्ट्यात पसरला आहे. त्या पट्ट्यातल्या मातीत सेलेनियम फारच कमी होते, आणि तिथल्या जनावरांमध्ये पांढऱ्या स्नायूंचा तो ओळखीचा आजारही दिसत होता.

मग चिनी डॉक्टरांनी एक साधा आणि मोठा प्रयोग केला. सिचुआन प्रांतातल्या मियान्निंग तालुक्यात एक ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा सोडियम सेलेनाइटची गोळी दिली. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना अर्धा मिलिग्रॅम, त्यापुढच्यांना एक. दुसऱ्या गटाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी.

१९७४ मध्ये औषध नसलेल्या ३,९८५ मुलांपैकी ५४ जणांना केशान रोग झाला. सेलेनियम मिळालेल्या ४,५१० मुलांपैकी १० जणांना. पुढच्या वर्षी औषध नसलेल्या ५,४४५ पैकी ५२ आणि सेलेनियमवाल्या ६,७६७ पैकी ७. त्यानंतर डॉक्टरांनी तुलनेचा गट बंद केला आणि सगळ्यांना सेलेनियम द्यायला सुरुवात केली. १९७७ मध्ये गोळी घेणाऱ्या बारा हजारांहून अधिक मुलांमध्ये एकही नवा रुग्ण नव्हता.

या आकड्यांवर जरा थांबा. रोजच्या वाट्याला शंभर मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी येईल एवढ्या सेलेनियमने मुलांची हृदये वाचली. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. चिमटीत धरता येणार नाही एवढी ही मात्रा. त्या मुलांना जेवण मिळत नव्हते असे नाही. जेवण होते, पण त्या जेवणाखालची माती रिकामी होती.

एक कोडे मात्र उरले. रोग ऋतूप्रमाणे आणि वर्षागणिक कमी-जास्त व्हायचा. निव्वळ कमतरता अशी वागत नाही. रुग्णांमध्ये कॉक्ससॅकी नावाचा विषाणू सापडत होता. १९९० च्या दशकात अमेरिकेत मेलिंडा बेक आणि ऑर्विल लेव्हँडर यांनी या विषाणूचा एक निरुपद्रवी प्रकार सेलेनियम कमी असलेल्या उंदरांना टोचला. उंदरांची हृदये खराब झाली. मग त्या उंदरांमधून काढलेला विषाणू चांगले खाल्ल्या-प्यायलेल्या उंदरांना टोचला, तर त्यांचीही हृदये खराब झाली. विषाणूच बदलला होता. कुपोषित शरीरात राहून तो घातक बनला आणि सुपोषित शरीरावरही हल्ला करू लागला. शेजारच्या घरातले कुपोषण हा आपलाही प्रश्न कसा असतो याचे यापेक्षा थेट उदाहरण मला माहीत नाही.

आता त्याच चीनमधले दुसरे टोक पाहा. हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात लोकांचे केस गळाले, नखे गळाली, कातडीवर फोड आले, काहींना हातापायांत बधिरपणा आला. सगळ्यांत जास्त झळ बसलेल्या पाच वाड्यांमध्ये २४८ माणसे राहत होती आणि त्यांतल्या जवळपास निम्म्यांना हा त्रास झाला. तपासात कळले की तिथल्या दगडी कोळशात सेलेनियम भरपूर आहे आणि झिजत झिजत ते मातीत आणि पिकांत उतरते. त्यात दुष्काळाने भाताचे पीक बुडाले. लोक तिथल्याच जमिनीतल्या भाज्या आणि मका जास्त खाऊ लागले, आणि पोटात जाणारे सेलेनियम वाढले.

केशान रोगाच्या पट्ट्यात माणसाच्या पोटात रोज सुमारे ११ मायक्रोग्रॅम सेलेनियम जात होते. एन्शीच्या त्या वाड्यांमध्ये सुमारे ५,००० मायक्रोग्रॅम. एकाच देशात, दोन्हीकडे साधी शेतकरी माणसे, घरचेच अन्न खाणारी. आज सेलेनियम किमान किती लागते आणि कमाल किती चालते याबद्दल जगभर जे आकडे वापरले जातात, त्यांचा मोठा भाग या गावांमधल्या माणसांच्या रक्तातून, केसांतून आणि नखांतून आलेला आहे.

शरीरात ते करते काय?

इथे थोडक्यात सांगतो. १९७३ मध्ये विस्कॉन्सिनच्या शास्त्रज्ञांनी दाखवले की ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेझ या एन्झाइमच्या गाभ्यात सेलेनियम असते. पेशीत ऑक्सिजन वापरला जाताना ठिणग्यांसारखे काही घातक पदार्थ तयार होतात. हे एन्झाइम त्या ठिणग्या विझवते. हृदयासारख्या सतत राबणाऱ्या स्नायूला ते का लागते हे यावरून समजेल.

१९९० च्या सुमारास थायरॉइडशी असलेला संबंध उघड झाला. थायरॉइड ग्रंथी मुख्यतः टी४ हे हार्मोन बनवते. त्याचे कामाच्या टी३ मध्ये रूपांतर करणाऱ्या एन्झाइममध्येही सेलेनियम असते. शरीरात प्रत्येक ग्रॅममागे सर्वांत जास्त सेलेनियम थायरॉइड ग्रंथीत सापडते.

आणि एक गोष्ट मला स्वतःला फार आवडते. आपल्या जनुकांच्या भाषेत 'यूजीए' ही तीन अक्षरे म्हणजे पूर्णविराम. प्रथिनाची साखळी इथे संपवा, असा त्याचा अर्थ. १९८६ मध्ये आढळले की काही ठिकाणी पेशी या पूर्णविरामापाशी न थांबता तिथे सेलेनियम असलेले अमिनो आम्ल बसवते आणि पुढे वाचत राहते. पाठ्यपुस्तकातल्या वीस अमिनो आम्लांनंतरचे हे एकविसावे, सेलेनोसिस्टीन. माणसात अशी पंचवीस जनुके आहेत. निसर्गाने एका मूलद्रव्यासाठी व्याकरणाचा नियम वाकवला आहे.

सेलेनियमची कमतरता दवाखान्यात दिसली ती एका अनपेक्षित ठिकाणी. १९७९ मध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. त्या देशाच्या मातीत सेलेनियम कमीच आहे, आणि ही व्यक्ती शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस फक्त शिरेतून दिलेल्या पोषणावर होती. मांड्यांचे स्नायू इतके दुखू लागले की चालता येईना. सेलेनियम दिल्यावर दुखणे गेले. त्या वेळच्या सलाइनमधून सगळे मिळत होते, एवढे एक सोडून. आज दीर्घकाळ शिरेतून पोषण देताना त्यात सेलेनियम घातले जाते.

फिनलंडने आणखी वेगळा मार्ग निवडला. तिथली माती गरीब असल्याने १९८४ मध्ये सरकारने रासायनिक खतातच सेलेनियम मिसळायचे ठरवले. काही वर्षांतच लोकांच्या रक्तातले प्रमाण वाढले. लोकांना गोळ्या देण्याऐवजी शेताला औषध दिले, असे म्हणा हवे तर.

गोळ्यांची लाट

१९९६ मध्ये अमेरिकेतून एक बातमी आली आणि सेलेनियमचा भाव वधारला. त्वचेचा कर्करोग होऊन गेलेल्या १,३१२ लोकांना रोज २०० मायक्रोग्रॅम सेलेनियम किंवा खोटी गोळी दिली होती. उद्देश होता त्वचेचा कर्करोग पुन्हा होऊ नये हा. तो साधला नाही. पण इतर कर्करोगांमुळे होणारे मृत्यू, विशेषतः सेलेनियमवाल्या गटात, जवळपास निम्मे दिसले आणि प्रोस्टेटचा कर्करोगही कमी. बस, तेवढे पुरे झाले. दुकानातल्या फळ्या सेलेनियमच्या बाटल्यांनी भरल्या.

प्रयोग एका प्रश्नासाठी केला आणि उत्तर भलत्याच प्रश्नाचे मिळाले, तर ते उत्तर पुन्हा तपासून घ्यावे लागते. इथे ते तपासले गेले. २००१ मध्ये पस्तीस हजारांहून अधिक पुरुषांवर मोठा अभ्यास सुरू झाला. एका गटाला सेलेनियम, एकाला ई जीवनसत्त्व, एकाला दोन्ही, एकाला काहीच नाही. २००८ मध्ये तो मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण सेलेनियमने प्रोस्टेटचा कर्करोग टळत नव्हता. आणि १९९६ च्या त्या गाजलेल्या अभ्यासातल्याच लोकांची माहिती पुन्हा तपासल्यावर सेलेनियम घेणाऱ्यांमध्ये मधुमेह जास्त आढळला. हे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची बातमी मात्र पहिल्या बातमीएवढी कुणी वाचली नाही.

२००८ मध्येच अमेरिकेत एका द्रवरूप पूरक आहाराच्या बाटल्यांमध्ये लेबलवर लिहिल्यापेक्षा दोनशे पट सेलेनियम भरले गेले. २०१ जणांना विषबाधा झाली. जुलाब, थकवा, सांधेदुखी, आणि बहुतेकांचे केस गळाले. आरोग्य सुधारावे म्हणून त्यांनी ते विकत घेतले होते.

पंजाबची शेते आणि बुलढाण्याची चूल

भारतातही सेलेनियमची जमीन आहे. पंजाबात शिवालिकच्या पायथ्याशी होशियारपूर आणि नवांशहर (आता शहीद भगतसिंग नगर) या जिल्ह्यांत काही शेतांमध्ये गव्हाची पाने पांढरीफटक पडतात, जनावरांचे खूर वेडेवाकडे वाढतात नि तडकतात. डकोटाच्या घोड्यांची आठवण यावी असेच. लुधियानाच्या कृषी विद्यापीठातल्या मृदाशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकापासून या जमिनींचा अभ्यास केला आहे. त्या शेतांवर जगणाऱ्या काही माणसांमध्येही केस आणि नखांच्या तक्रारी नोंदल्या गेल्या. पण तिथला त्रास त्या गावांपुरता राहिला.

आता शेगावकडे येऊ. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, विंचूदंशावरच्या कामामुळे तुम्हाला हे नाव माहीत असेल, त्यांनी बाधित गावांना भेट देऊन नमुने गोळा केले. त्यांनी जाहीर केले की रुग्णांच्या रक्तात सेलेनियम सुमारे ३५ पट, लघवीत ६० पट आणि केसांत १५० पट जास्त होते, जस्त मात्र कमी होते, आणि याचे मूळ रेशनवर आलेल्या पंजाब-हरियाणाकडच्या गव्हात आहे. स्थानिक गव्हाच्या तुलनेत त्या गव्हात सेलेनियम कितीतरी पट भरले, असे त्यांचे म्हणणे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पथकांनीही स्वतंत्रपणे नमुने नेले होते. काही महिन्यांनी त्याच भागात नखे गळण्याच्या तक्रारी आल्या. सेलेनियमचा इतिहास वाचलेल्या कुणालाही या क्रमाचे नवल वाटणार नाही.

मी याकडे असे पाहतो. बावस्करांचा निष्कर्ष रोगाच्या लक्षणांशी चांगला जुळतो. गव्हाचा नेमका कोणता लॉट, कोणत्या शेतातला, हे शोधणे तपास यंत्रणांचे काम आहे आणि त्याचे उत्तर गावकऱ्यांना मिळायला हवे. कारण इथे एक नवी गोष्ट घडलेली दिसते. डकोटात, केशानमध्ये, एन्शीत माणसे आपल्याच मातीतले खात होती, म्हणून नकाशावर बोट ठेवता आले. बुलढाण्याच्या चुलीवर भाजलेल्या पोळीची माती कदाचित हजार-बाराशे किलोमीटर दूर असेल. आपण सगळेच आता अशा दूरच्या मातीचे खातो. बहुतेक वेळा त्याचा फायदाच होतो, कारण अनेक ठिकाणचे धान्य मिसळले की कमी-जास्त सरासरीत जाते. रेशनवर एकाच ठिकाणचा माल महिनोन् महिने येत राहिला तर ही सरासरी होत नाही, आणि ज्यांच्याकडे दुसरा गहू विकत घ्यायला पैसे नाहीत तेच अडकतात. त्या काळात मुलींचे शिक्षण अडल्याच्या, ठरलेली लग्ने मोडल्याच्या बातम्या आल्या. 'व्हायरस' या एका शब्दाने किती नुकसान केले असेल.

तुमच्यासाठी

गहू धुऊन किंवा भाजून सेलेनियम जात नाही. ते दाण्याच्या प्रथिनातच गुंफलेले असते. सेलेनियमच्या विषबाधेवर उतारा असे औषध नाही. स्रोत बंद करणे हाच उपचार, आणि तो झाला की केस व नखे बहुधा परत येतात. श्वासाला लसणासारखा वास, अचानक केस गळणे, नखांवर पांढऱ्या आडव्या रेघा येऊन ती ठिसूळ होणे, हे एकत्र दिसले आणि घरातल्या किंवा वस्तीतल्या अनेकांना दिसले, तर तेलाच्या जाहिराती बघत बसू नका. सरकारी दवाखान्यात जा आणि खाल्लेले धान्य थोडे जपून ठेवा.

आपल्याकडच्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ४० मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरते. मासे, अंडी, चिकन, गहू, डाळी यांतून ते सहसा मिळते. अमेरिकेने वरची मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम ठेवली होती, युरोपने २०२३ मध्ये ती २५५ वर आणली. मल्टिव्हिटॅमिनची गोळी घेत असाल तर बाटली उलटी करून आकडा वाचा. शेजारी 'एमसीजी' म्हणजे मायक्रोग्रॅम लिहिलेले असेल. ४०-५० असेल तर घाबरू नका. पण मल्टिव्हिटॅमिन, केसांची गोळी आणि 'इम्युनिटी'ची गोळी अशा तीन बाटल्या एकत्र चालू असतील तर बेरीज करा. ब्राझील नट खाण्याची हल्ली फॅशन आहे. एका दाण्यात पन्नास मायक्रोग्रॅमच्या वरही सेलेनियम असू शकते, म्हणून ते मूठभर खायचे नसतात. कोंड्यासाठीचा सेलेनियम सल्फाइडचा शाम्पू मात्र या हिशेबात धरू नका. धड असलेल्या त्वचेतून ते शरीरात जवळजवळ जातच नाही.

मग सेलेनियमची गोळी मी लिहून देतो का? क्वचित. थायरॉइडच्या ग्रेव्ह्ज आजारात डोळे सुजतात, लाल होतात, बाहेर आल्यासारखे दिसतात. त्याच्या सौम्य प्रकारात रोज २०० मायक्रोग्रॅम सहा महिने दिल्यावर फायदा झाल्याचे युरोपातल्या एका चांगल्या अभ्यासात २०११ मध्ये दिसले. अर्थात तिथले बरेच लोक सेलेनियम-गरीब मातीतले खाणारे होते. हाशिमोटो थायरॉइडमध्ये अँटिबॉडी कमी होतात असे काही अभ्यास सांगतात, पण त्याने रुग्णाला बरे वाटते किंवा गोळी सुटते असे दिसलेले नाही. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी डोळ्यांसाठी सहा महिन्यांचा कोर्स दिला असेल तर तो नीट पूर्ण करा. सहा महिने झाल्यावर मात्र त्याच चिठ्ठीवर दुकानातून आणखी बाटल्या आणू नका, आधी त्यांना भेटा.